सोर्सचा साठा खान्देशातच हवा : कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ,
जळगाव.

महोदय,



मी शिरपूरचा. शहरातल्या आणि तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांच्या संगणक प्रयोगशाळा सांभाळायच्या, बंद पडलेली मशीन पुन्हा उभी करायची, हा माझा धंदा. आपल्याकडे मागणे एकच आहे. ते आधी सांगतो, कारणे मागून देतो. विद्यापीठाने जळगावला स्वतःच्या सर्व्हरवर एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा पूर्ण मिरर, म्हणजे तिच्या साठ्याची हुबेहूब प्रत, उभारावा. त्यात तयार पॅकेजांच्या जोडीने सोर्स कोडही ठेवावा. आणि हा मिरर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही शाळेला, कॉलेजला, घराला खुला असावा.

ही मागणी आत्ताच का, ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडच्या शाळांत दहा वर्षांपूर्वी आलेली मशीन चौथ्या-पाचव्या पिढीची आहेत. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरे पुसून गेली आहेत, पण मदरबोर्ड ठणठणीत आहे. ती काढून नवी घ्यायला संस्थांकडे पैसा नाही. आणि सिक्युरिटी अपडेट बंद झालेले मशीन नेटला जोडून ठेवणे म्हणजे काय, हे जगाने मे २०१७ मध्ये पाहिले. ‘वॉनाक्राय’ ज्या फटीतून शिरला ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांची मशीन गेली.

म्हणून आम्ही या जुन्या मशीनवर डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो आहोत. ९ ऑगस्ट २०२५ ला तिची १३ वी आवृत्ती आली. हलका डेस्कटॉप निवडला तर चार जीबी रॅमवर ती निवांत चालते. अडचण बसवण्यात नाही. एकदा बसवलेली सिस्टिम पुढे पाच वर्षे ताजी ठेवायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका माध्यमिक शाळेची गोष्ट सांगतो. प्रयोगशाळेत वीसेक संगणक. इंटरनेट म्हणजे सरांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि रेंज फक्त खिडकीपाशी. म्हणून फोन खिडकीच्या गजाला रुमालाने बांधलेला. पहिल्या मशीनवर अपडेटची कमांड दिली. आकडा तीन टक्क्यांवर गेला आणि तिथेच थांबला. पुढे ‘वेटिंग फॉर हेडर्स’ एवढीच ओळ. थोड्या वेळाने लाइट गेली, आणि तो दिवस संपला. प्रत्येक मशीनला दोन जीबी धरले, तरी वीस मशीनना मिळून चाळीस जीबी होतात. फाइली त्याच, पण प्रत्येक वेळी त्या दूरच्या सर्व्हरवरून नव्याने खेचायच्या, आणि तेही सरांच्या डेटा पॅकवर.

पुढच्या खेपेला मी डेबियनच्या त्या एका आवृत्तीचा साठा पोर्टेबल हार्डडिस्कवर भरून नेला. कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनला ती डिस्क लावली, त्यावर छोटा वेब सर्व्हर सुरू केला आणि बाकीच्या मशीनवर सोर्सेस-लिस्ट नावाच्या फाइलमधली एक ओळ बदलली. पूर्वी तिथे बाहेरचा पत्ता होता, आता कोपऱ्यातल्या मशीनचा. मग सगळ्यांवर एकदम कमांड दिली. स्विचचे हिरवे दिवे एकसारखे लुकलुकायला लागले आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत सगळी मशीन ताजी झाली. दारात उभ्या एका पोराने विचारले, “सर, नेट उनं का?” नेट आलेच नव्हते. मोबाईल सरांच्या खिशात होता.

तेव्हापासून ती डिस्क माझ्या पिशवीत असते. पण एका माणसाच्या पिशवीतल्या डिस्कला कुणी व्यवस्था म्हणणार नाही. मी आजारी पडलो तर तीन-तीन महिने डिस्क शिळी राहील, आणि मी एका तालुक्यापलीकडे पोचू शकत नाही.

मिररबद्दल एक शंका नेहमी येते. अपडेट कंपनीच्या किंवा प्रकल्पाच्या मूळ सर्व्हरवरून न घेता मधल्याच कुणाकडून घ्यायचे, तर त्यात भेसळ कशावरून नसेल? डेबियनने याचे उत्तर रचनेतच बसवले आहे. प्रकल्पाच्या चावीने एका रिलीज फाइलवर डिजिटल सही केलेली असते. त्या फाइलीत पॅकेजांच्या यादीचा ठसा असतो, आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा एसएचए-२५६ ठसा. आपल्या मशीनवर चावी आधीपासून असते. मधल्या कुणी एका अक्षराचाही फरक केला, तरी ठसा जुळत नाही आणि मशीन ते पॅकेज घेत नाही. म्हणजे शाळेला माझ्यावर किंवा उद्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही. ज्या गावात माणूस नवीन, त्या गावात या गोष्टीची किंमत फार मोठी आहे.

मिरर ताजा ठेवण्याचे तंत्रही जुने आणि तावून सुलाखून निघालेले आहे. आर-सिंक हे साधन फक्त बदललेला भाग आणते. त्यातही क्रम पाळतात. आधी नवी पॅकेजे आणायची, ती सगळी पोचली की मग यादी बदलायची, आणि जुन्या फाइली सर्वांत शेवटी पुसायच्या. यादी आधी आली आणि मध्येच लाइट गेली, तर यादीत नाव आहे पण फाइल नाही, अशी अवस्था होते आणि जिल्हाभरातली मशीन एकाच वेळी चुका दाखवायला लागतात. क्रम सांभाळला तर लाइट केव्हाही जावो, लोकांना आधीचा अखंड साठा मिळत राहतो. सिक्युरिटीच्या तातडीच्या अपडेटांसाठी मात्र मिरर ठेवू नये, ते मूळ ठिकाणाहूनच कॅशमार्फत घ्यावेत. तिथे एका दिवसाचा उशीरही महाग पडतो.

इथवरचे काम, खरे सांगायचे तर, माझ्यासारखा दुकानदारही करू शकतो. विद्यापीठाला पत्र लिहितो आहे ते सोर्ससाठी.

तयार पॅकेजांचा साठा हा अर्धाच मिरर. सोर्स हातात असला की सिस्टिम नुसती ताजी करता येत नाही, घडवताही येते. फ्रीबीएसडी ही १९९३ पासून चालत आलेली सिस्टिम घ्या. तिच्यात कर्नल आणि सोबतची सगळी मूळ साधने एकाच सोर्स ट्रीमध्ये असतात आणि सबंध सिस्टिम सोर्समधून बांधून अपडेट करण्याची रीत पहिल्यापासून आहे. ज्या काळी इंटरनेट महाग आणि तुटक होते, त्या काळी तिच्या लोकांनी सीटीएम नावाची सोय केली होती. सोर्समध्ये झालेले बदल चक्क ई-मेलने यायचे आणि माणूस घरच्या प्रतीवर ते चढवायचा. डिसेंबर २०२० पासून हा सोर्स गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर आहे. त्याची प्रत एकदा जळगावला आली, की रोजचे बदल थोडेसेच. आणि गिटमध्ये ‘बंडल’ करण्याची सोय आहे. गेल्या महिन्याभरातले बदल एका फाइलीत बांधायचे, पेनड्राइव्हवर घालायचे आणि पळासनेरला किंवा बोराडीला जाऊन तिथल्या प्रतीत मिसळायचे. गिटच्या प्रत्येक नोंदीचा ठसा आधीच्या सगळ्या इतिहासावर बेतलेला असल्याने वाटेत गडबड झाली तर ती लपत नाही.

पुढची कृती विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करावी, एवढीच माझी इच्छा आहे. आधी ‘बिल्डवर्ल्ड’, म्हणजे कंपायलरसकट सगळी साधने बांधणे. जुन्या मशीनवर याला कित्येक तास लागतात. मग ‘बिल्डकर्नल’, ‘इन्स्टॉलकर्नल’ आणि रीबूट. त्यानंतर ‘इन्स्टॉलवर्ल्ड’, आणि शेवटी ‘एटसीअपडेट’ वापरून सेटिंगच्या फाइलींमध्ये आपले बदल आणि नवे बदल जुळवणे. कर्नल आधी का आणि बाकीचे मागून का? कारण नवे कर्नल जुने प्रोग्राम चालवून घेते. जुने कर्नल नवे प्रोग्राम चालवीलच असे नाही. सिस्टिम कॉल म्हणजे काय, हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या एका क्रमातून जास्त पक्के कळते. आणि प्रत्येक मशीनवर ते तासन्‌तासाचे बांधकाम करायची गरज नाही. एका दणकट मशीनवर बांधायचे, सोर्स आणि तयार फाइलींचे फोल्डर एनएफएसने बाकीच्यांना दाखवायचे, आणि त्यांनी फक्त इन्स्टॉल करायचे. एका प्रयोगशाळेला एवढे पुरते.

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फळ्यावर शिकवला जातो. सेमाफोर, डेडलॉक, पेजिंग यांच्या व्याख्या पोरांना पाठ असतात. पण शेड्यूलर कुठल्या फाइलीत आहे, हे शेवटच्या वर्षाच्या मुलाला विचारले की तो गप्प होतो. त्यात त्याचा दोष नाही. ती फाइल त्याच्यासमोर कधी कुणी उघडलेलीच नसते. हीच पोरे पुढे पुण्याला, हिंजवडीला नोकरीला जातात आणि तिथे पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसून सोर्स वाचायला शिकतात. शिरपूरला, जळगावला, नंदुरबारला बसून ते शिकता येणार नाही असे काहीच नाही. फक्त साठा जवळ हवा, आणि तो चाळायला मोबाईलचा डेटा जाळावा लागता कामा नये.

सोर्स जवळ असण्याचे दुसरे कारण सुरक्षेचे आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात चोरदरवाजा सापडला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या बाधित होत्या. सह्या ठीक होत्या, ठसे जुळत होते, कारण विष प्रकल्पाच्या आतल्याच माणसाने घातले होते. आणि त्यातला कळीचा तुकडा गिटमधल्या सोर्समध्ये नव्हताच, फक्त प्रकाशित केलेल्या सोर्स बंडलात होता. सापडला कसा? अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएचने लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने नाद सोडला नाही. खोदत गेला, सोर्स पाहिला, आणि २९ मार्चला जगाला सांगितले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो दरवाजा तोवर पोचला नव्हता.

मिररने हा धोका टळला असता का? नाही. मूळ ठिकाणी जे आहे तेच मिरर आणतो, विषासकट. डिजिटल सही एवढेच सांगते की वस्तू तिथूनच आली. आत काय आहे ते वाचणारी माणसेच सांगू शकतात, आणि वाचणारी माणसे जितक्या गावांत तितके बरे. डेबियनमध्ये ‘रिप्रॉड्युसिबल बिल्ड्स’ नावाचे काम बरीच वर्षे चालू आहे. सोर्स घ्यायचा, आपल्या मशीनवर बांधायचा आणि बाहेरून आलेल्या तयार पॅकेजाशी बिट-बिट जुळतो का ते तपासायचे. जुळला नाही तर का नाही, ते शोधायचे. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगले काम मला सुचत नाही. दरवर्षी त्याच त्या लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमऐवजी पोरांनी दहा पॅकेजे बांधून तपासली आणि आपला अहवाल मूळ प्रकल्पाला पाठवला, तर तो जगाच्या कामी येईल.

सोर्समध्ये आपली भाषाही असते, हे फार कमी जणांना माहीत आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. त्याची मराठी वाक्ये सोर्समधल्या भाषांतराच्या फाइलींत आहेत. कुणाला एखादे वाक्य अवघड वाटले, तर ती फाइल उघडून दुरुस्ती पाठवता येते. लिनक्समधल्या ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीत प्रत्येक भाषेसाठी एक लोकेल फाइल असते. महिने, वार, तारीख कशी लिहायची, हे त्यात ठरते. तिथे मराठीची फाइल आहे, कोकणीची आहे, आणि भिल्लीचीही आहे. सातपुड्यातल्या भिल्ल मुलाला त्याच्या भाषेची फाइल या लायब्ररीत आधीच बसलेली आहे, हे दाखवून पाहा. अहिराणीची फाइल मात्र तिथे नाही. आपल्या विद्यापीठाचे क्षेत्र म्हणजे अहिराणीचे माहेर. ती फाइल जळगावातून लिहिली जावी, दुसरीकडून कुठून लिहिली जाणार?

साठा आपल्याच भागात ठेवायचा, हा विचार शिरपूर तालुक्याला परका वाटणार नाही. भूजल खात्यात आयुष्य घालवलेले भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून इथले नाले खोल आणि रुंद केले, दरवाजे आणि सांडवे नसलेले सिमेंट बंधारे बांधले, आणि धावून तापीला जाणारे पाणी जागीच मुरवले. आधी त्यांनी जमिनीचे थर वाचले, म्हणून ते साधले. राज्यभरातून लोक ते पाहायला आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले. खर्चाची, मुरवण्याची, सांभाळण्याची जबाबदारी तालुक्यानेच घेतली होती. ज्ञानाच्या बाबतीतही तेच करता येईल, असे मी म्हणतो.

देशात याची उदाहरणे आहेत. आयआयटी कानपूर आणि आयआयटी मद्रास यांनी मुक्त सॉफ्टवेअरचे मिरर वर्षानुवर्षे चालवले. केरळने सरकारी शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली आपली प्रणाली केली आणि ती शिक्षकांनीच सांभाळली. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली, तो मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या भागात साधन रोजच्या वापरात असते तिथेच ते घडवणारी माणसे तयार होतात. नॅशनल नॉलेज नेटवर्क तर २०१० मध्ये विद्यापीठे आणि संशोधन संस्था वेगवान जाळ्याने जोडायलाच आखले गेले. खान्देशातल्या आमच्या प्रयोगशाळा मात्र आजही दूरच्या सर्व्हरकडे तोंड करून बसतात.

खर्च फार नाही. डेबियनची एक आवृत्ती, एकाच प्रकारच्या प्रोसेसरची पॅकेजे आणि त्यांचा सोर्स, हे सगळे दोन टेराबाइटच्या डिस्कवर मावते. फ्रीबीएसडीचा सोर्स त्यापुढे किरकोळ. एक बरा सर्व्हर, एकाला एक जोड म्हणून दोन मोठ्या डिस्क आणि भरवशाचा यूपीएस, एवढ्यावर काम सुरू होते. पैशापेक्षा अवघड आहे ते माणूस नेमणे. सर्व्हर उद्घाटनाच्या दिवशी चालतो, सहा महिन्यांनी कुणी पाहत नाही, आणि मग शिळा मिरर नसलेल्या मिररपेक्षा जास्त नुकसान करतो. म्हणून एका प्राध्यापकाच्या नावावर ही जबाबदारी लेखी असावी. त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांची तुकडी असावी, दरवर्षी बदलणारी, आणि या कामाला श्रेयांक असावेत. शेवटचा सिंक केव्हा झाला ते बाहेरून कुणालाही दिसावे.

जळगावच्या मुख्य मिररवरून शिरपूर, धुळे आणि नंदुरबार इथे एकेक उपमिरर ठेवावा. शिरपूरला अभियांत्रिकीची पोरे आहेत, मोठ्या संस्था आहेत, जागा आणि वीज यांची वानवा नाही. इथली काही महाविद्यालये आता लोणेरेच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, हे मला ठाऊक आहे. पण मिररला संलग्नता विचारण्याचे कारण नाही, आणि विद्यापीठानेही विचारू नये. प्रत्येक उपमिररवर महिन्यातून एक दिवस ‘डिस्क भरून मिळेल’ असा ठेवावा. पाड्यावरच्या शाळेचे शिक्षक रिकामी हार्डडिस्क घेऊन येतील, भरून घेऊन जातील, आणि त्यांच्या शाळेत नेट नसले तरी सिस्टिम ताजी राहील. माझ्या पिशवीतल्या डिस्कचे काम अशा रीतीने विद्यापीठाने आपल्या हाती घ्यावे.

महोदय, पहिला सिंक सुरू करायला उन्हाळी सुट्टी उत्तम. प्रयोगशाळा रिकाम्या असतात, जाळे मोकळे असते. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जळगावचा पत्ता जाहीर झाला, तर शिरपूर तालुक्यातल्या ज्या शाळा सांगतील त्या प्रत्येक शाळेच्या मशीनवर तो पत्ता घालून देण्याचे काम मी आणि माझे दोन सहकारी कसलेही पैसे न घेता करू. आपण सर्व्हर आणि माणूस तेवढा द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
संगणक दुरुस्तीचे काम करणारा एक नागरिक,
शिरपूर, जि. धुळे